डी ले काही होत नाही

व्हरायटी चौकाच्या सिग्नलला अजून साठ सेकंद होते. बाजूला उभ्या ऑटोतून एक हात बाहेर आला आणि प्रशिकच्या दंडाला लागला. त्याने हेल्मेटमधून वळून पाहिलं तर सिंधूताई. मांडीवर लांब वह्यांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला, बर्डीच्या बाजारातून नुकताच घेतलेला. "जय भीम, बाबू," ती म्हणाली, आणि हॉर्नांच्या गोंगाटातून ऐकू यावं म्हणून जरा पुढे झुकली. "सोमवारी माह्यापायी तुले लय तरास झाला ना गा. दोन घंटे टेबलाखाली बसून होता तू. माफ कर बाप्पा. मले त्या कम्प्युटरातलं काही समजत नाही, काय दाबतो आन् काय होते." तो काहीतरी म्हणाला, बहुतेक 'नाही ताई, तसं काही नाही' असंच; पण हेल्मेटच्या आत ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. "आज इतवार हाय, फुरसत असंल तं घरी ये," ती म्हणाली. "लोकं येऊन राहिले. पयल्यापासून लिहून राहिलो पुन्हा." मग सिग्नल हिरवा झाला, ऑटो निघून गेला, आणि मागच्या कारवाल्याने प्रशिकच्या नावाने हॉर्नवर हात ठेवला तेव्हा कुठे त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

माफी. ज्याने मागायची तो हेल्मेट घालून उभा, आणि जिची मागायची ती भर चौकात वाकून मागते आहे. झिरो माइलपर्यंत त्याच्या डोक्यात एवढंच एक वाक्य फिरत राहिलं, आणि दंडावर जिथे तिचं बोट लागलं होतं तिथे काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप होता, हार्ड डिस्क होती, त्या डिस्कमध्ये कामठीच्या एका कापड कंपनीसाठी तयार केलेला मास्टर होता. आज अठरा मशिनी करायच्या होत्या. हे काम ऑफिसं बंद असतात तेव्हाच येतं, शनिवारी-रविवारी. लोक सोमवारी येतात तेव्हा सगळं नवं झालेलं असतं, आणि ते कोणी केलं हे त्यांना ठाऊक नसतं. ह्या ठाऊक नसण्याचं प्रशिकला आजवर बरं वाटत आलं होतं.

काम तसं सरळ आहे. एक कम्प्युटर घ्यायचा, त्यावर विंडोज, ऑफिस, कंपनीचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, मराठीचा कीबोर्ड, सगळं नीट बसवायचं. नवरी सजवावी तसं, असं विक्कीभाऊ म्हणतो. विक्कीभाऊ म्हणजे मालक. बर्डीत वरच्या मजल्यावर त्याचं दुकान, चार पोरं कामाला, त्यात प्रशिक सगळ्यांत जुना. मग त्या सजवलेल्या कम्प्युटरची जशीच्या तशी छाप घ्यायची, तोच मास्टर, आणि ती नेटवर्कवरून बाकीच्या सगळ्यांवर एकदम उतरवायची. विटांच्या साच्यासारखं. प्रशिकचे आजोबा भट्टीवर विटा पाडायचे. एका दिवसात हजार विटा, सगळ्या एकसारख्या, आणि संध्याकाळी ते त्यांच्याकडे बघत बसायचे म्हणे. ऑफिसभर पडद्यांवर निळ्या पट्ट्या एकाच वेगाने सरकताना पाहून प्रशिकलाही तसंच व्हायचं. एकाही मशिनीत आता मागचं काही उरणार नाही, कुणाची घाण नाही, कुणाचे व्हायरस नाहीत, ह्या विचाराने त्याला हलकं वाटायचं. आता तोच विचार त्याला नको होता.

आठ दिवसांपूर्वी त्याने बियाण्यांच्या एका कंपनीतल्या बेचाळीस मशिनी केल्या होत्या; सिंधूताई तिथे आवक-जावक बघते. मागच्या खोलीत एकटीच बसते, बाजूला पार्सलांची रास. तिचं वय पंचावन्नच्या पुढे, लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही हे विचारायची कुणाची छाती नाही. पण गेली अकरा वर्षं ती दुसऱ्यांची लग्नं जुळवते आहे. तीही पहिली नव्हेत, दुसरी. विधवा, सोडलेल्या, सोडून आलेले, बायको गेलेले. समाजाचे वधू-वर मेळावे होतात, मोठ्या हॉलमध्ये, माइकवरून नाव पुकारतात आणि मुलीने स्टेजवर येऊन आपली माहिती सांगायची असते. "स्टेजवर जाऊ शकते त्याची चिंता मी काहून करू?" ती म्हणायची. "माह्याकडे स्टेजवर न जाणारे येतेत." दुपारच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून ती एका बोटाने टाइप करायची. नाव, वय, शिक्षण, काम, मुलंबाळं, पहिल्या लग्नाचं काय झालं. आणि शेवटचा रकाना, शेरा. बाकीचे रकाने कुणीही भरून देईल. शेरा मात्र तिचा स्वतःचा. त्यासाठी ती शहर बसने, शेअर ऑटोने कुठे-कुठे जायची, लोकांच्या घरी चहा प्यायची, पाण्याचा ग्लास कोण आणून देतं ते बघायची, शेजारणीशी बोलायची आणि मग दोन ओळी लिहायची. सहाशेच्या वर माणसं होती त्या फायलीत.

प्रशिकला हे ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं. त्याची बहीण मेघा त्या फायलीतली होती. तिचा नवरा कोराडी रोडवर कोळशाच्या ट्रकखाली गेला तेव्हा ती सव्वीसची होती आणि पदरात दीड वर्षाची मुलगी, भूमिका. घरात आईने दोन वर्षं विषय काढू दिला नाही. मग प्रशिकच एक दिवस मशीन दुरुस्त करायच्या निमित्ताने सिंधूताईच्या खोलीत थांबला आणि बोलला. तिने पडदा त्याच्याकडे वळवला आणि एका नावावर बोट ठेवलं. अंकुश, बुटीबोरीला कामाला, बायको आजारात गेलेली. शेऱ्यात लिहिलं होतं: 'कमी बोलते. गेलेल्या बायकोच्या मायले अजून दर महिन्यात भेटाले जाते.' प्रशिकने दोनदा वाचलं. "जो त्या माऊलीले इसरला नाही, तो हिले काय इसरन?" सिंधूताई म्हणाली होती. आज भूमिका अंकुशला बाबा म्हणते, आणि मेघा फोनवर हसते तेव्हा ते हसू ऐकून घरात कुणी दचकत नाही. हे सगळं ज्या दोन ओळींवर उभं राहिलं, त्या दोन ओळी आता कुठेच नाहीत.

चूक कशी झाली ते सांगायला दोन मिनिटं पुरतील, आणि सहा दिवस तो ते स्वतःला सांगतच होता. कंपनीने आठवडाभर आधी कागद फिरवला: आपापलं महत्त्वाचं सर्व्हरवर टाका, शनिवारी मशिनी नव्या होणार. सगळ्यांच्या सह्या, सिंधूताईचीही. पण तिने सर्व्हरवर काही टाकलं नाही, कारण सर्व्हर सगळ्यांना दिसतो. कुणाची मुलगी सासरहून का परत आली, कुणाला फिट येतात, हे अकाउंटवाल्या पोरांनी वाचावं? म्हणून गुरुवारी तो तिथे मास्टर बनवायला बसला होता तेव्हा ती त्याच्याकडे आली. त्याला पोहे आणून दिले, वर तर्रीचा तिखट रस्सा घालून, आणि विचारलं, "बाबू, माह्यं सारं डी मधी हाय. ते राहते ना गा?" प्रशिकच्या तोंडात घास होता. तो म्हणाला, "ताई, डी ले काही होत नाही." गावभरचे कम्प्युटरवाले हेच सांगतात, त्याने स्वतः हजारदा सांगितलं असेल. एकाच डिस्कचे दोन कप्पे, नवं विंडोज घातलं की सी उडते, डी राहते. महत्त्वाचं ते डी मध्ये ठेवा आणि निवांत झोपा. लोकांनी हे इतकं मानलं आहे की घरातले लग्नाचे फोटो, पोरांच्या मार्कशिटा, सगळं डी मध्ये. आणि ते खरंही आहे, जोवर छाप उतरवणारा फक्त सी वर उतरवतो तोवर.

शनिवारी दुपारी तीनला बेचाळीस मशिनी तयार होत्या आणि चौकीदार पाचला कुलूप लावणार होता. फक्त सी वर उतरवायचं तर प्रत्येक मशिनीसमोर बसावं लागतं, कारण प्रत्येकीची वाटणी वेगळी. कुणाची सी मोठी, कुणाची लहान, कुणाच्या डिस्कचे तीन तुकडे. पूर्ण डिस्कवर उतरवायचं तर एकदाच सांगायचं आणि सगळ्यांनी एकदम ऐकायचं. विक्कीभाऊचा फोन: "अबे, काय करून राहिला? सब के सब फुल मार ना! नोटीस दिली हाय, सह्या हायेत!" पडद्यावर लाल अक्षरांत यायचं ते आलं: ह्या डिस्कवरचं सगळं नष्ट होईल, पुढे जायचं? त्याने वाय दाबलं, म्हणजे हो. मशीन शहाणी असते. ती पुन्हा एकदा विचारते. त्याने पुन्हा दाबलं.

सोमवारी अकराला सिंधूताईचा फोन आला की डी उघडते पण आत काही नाही. त्याला वाटलं होतं की ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसापुढे आपलीही बाजू सांगता येते. तो तिथे पोचला तेव्हा ती मात्र खुर्चीच्या टोकावर बसून पदराने चष्मा पुसत होती. "मीच काहीतरी केलं असंल गा," ती म्हणाली. "शुक्रवारी सारं एका जागी आणाले गेलो. कट का काय म्हणते ते केलं होतं." दारात विक्कीभाऊ उभा होता, त्याच्यामागे कंपनीचा मॅनेजर. प्रशिक टेबलाखाली वाकला होता, वायरी बघायच्या बहाण्याने, आणि तिथूनच, तिचं तोंड दिसत नव्हतं अशा जागेवरून, तो म्हणाला, "हो ताई. कट करून पेस्ट राहून गेलं असंल. होते तसं." मॅनेजर हसला. विक्कीभाऊ हसला. सिंधूताईसुद्धा ओशाळून हसली. मग तो दोन तास टेबलाखालीच बसून राहिला. फाइल काढण्याचं सॉफ्टवेअर चालवलं, त्यातून चारशे नावं निघाली, नुसती नावं, आत विंडोजचा कचरा. जिथे तिची माणसं होती तिथे त्याचा मास्टर बसला होता. ते आधीच ठाऊक असूनही तो शोधत राहिला, कारण टेबलाखालून बाहेर यायचं नव्हतं.

कामठी आली. कापड कंपनीच्या चौकीदाराने शटर वर केलं, दिवे लावले. अठरा टेबलं, कुणाच्या पडद्याला रबरबँड अडकवलेले, कुणाच्या कीबोर्डखाली बाळाचा फोटो. प्रशिकने वायरी जोडल्या, मशिनी उठवल्या, मास्टर लावला. गेल्या सहा दिवसांत त्याने एक गोष्ट मनात नीट बसवून टाकली होती: आपण विसरलो. घाई होती, मालकाचा फोन, बेचाळीस मशिनी, आणि डोक्यातून गेलं. विसरणं हा काही गुन्हा नाही, माणूस विसरतो. ह्या शब्दावर त्याला झोप येत होती, वाईट का होईना पण येत होती. चौकातल्या त्या माफीने ती गादी ओढून घेतली. पडद्यावर लाल अक्षरं आली, पुढे जायचं? आणि त्याचं बोट वायवर थांबलं. बोट थांबलं म्हणून मागचा शनिवारही थांबला, जसा होता तसा दिसला. सव्वातीन. पंख्याचा आवाज. आणि हो, आठवली होती. लाल अक्षरं वाचताना सिंधूताई आठवली होती, पोह्यांच्या बशीसकट. मागच्या खोलीत जाऊन तिची एक मशीन नेटवर्कमधून काढायला दोन मिनिटं लागली असती. तेव्हा त्याच्या मनाने काय म्हटलं तेही आता स्पष्ट ऐकू आलं: एका बाईच्या फोटोंपायी कुठे उठू. फोटो नाहीत हे त्याला माहीत होतं. तरी मनाने 'फोटो' हाच शब्द घेतला, कारण फोटो म्हटलं की उठावं लागत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. आणि त्याने तर दोनदा खाल्लं होतं, एकदा दाबताना आणि एकदा टेबलाखाली.

त्याने कामठीच्या अठरा मशिनी एक-एक करून केल्या, फक्त सी वर. प्रत्येक टेबलासमोर बसून, प्रत्येकीची वाटणी बघून, डी उघडून आत काही आहे ना याची खात्री करून. विक्कीभाऊचे सहा फोन आले, त्याने उचलले नाहीत. ज्या लोकांची तोंडं कधी पाहिली नाहीत त्यांचे फोटो, पत्रिका, गाणी तो इतक्या जपून सांभाळत होता की चौकीदाराने येऊन विचारलं, "काहून साहेब, काही बिघडलं का?" प्रायश्चित्त भलत्याच पत्त्यावर चाललं होतं, हे प्रशिकलाही कळत होतं. साडेतीनला काम संपलं. मग तो घरी इंदोऱ्याला न वळता शहर ओलांडून थेट हुडकेश्वरला सिंधूताईकडे निघाला. अख्खा रस्ता वाक्य जुळवत गेला. कोणत्या शब्दाने सुरू करायचं, आणि कोणत्या शब्दावर थांबलं तर चालेल.

सिंधूताईच्या घरापुढे चपलांची गर्दी दिसली नाही. लोक येऊन गेले होते. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या अस्ताव्यस्त, आणि एकच माणूस बसलेला, चाळिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांत. "हा रोशन," सिंधूताई म्हणाली. "ऑटो चालवते. मागच्या साली आला होता, पुन्हा बोलावलं बिचाऱ्याले." नवी वही तिच्या मांडीवर उघडी होती. पट्टीने आखलेले रकाने, शेवटचा सगळ्यांत रुंद. अकरा नावं झाली होती आणि अकराही शेरे कोरे होते. "नावं येतेत, बाबू," तिने त्याची नजर पाहून सांगितलं. "पण काय पाहून काय लिहिलं होतं, ते आता कुठून आणू? एकेकीच्या घरी चार-चार चकरा मारल्या होत्या. आता गुडघे नाही ऐकत." आणि परत तेच, अगदी साधेपणाने: "माह्यं एक बोट नडलं."

"ताई," तो उभ्यानेच म्हणाला, "तुमच्यानं नाही झालं." ती बघत राहिली. "तुमी काही डिलीट नाही केलं. मी पूर्ण डिस्कवर मारलं. डी बी गेली त्याच्यात. तुमाले म्हटलं होतं काही होत नाही म्हणून, आन् मीच उडवलं. सोमवारी खोटं बोललो." एवढं एका दमात झालं. सिंधूताईने वही बाजूला ठेवली. तिचे ओठ हलले, आणि आधी त्याला वाटलं की आता येणार, जे सोमवारी यायला हवं होतं ते आता येणार. पण ती पुटपुटली, "म्हणजे माह्यानं नाही झालं?" "नाही ताई." तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. सुटका झाल्याचं रडणं होतं ते. प्रशिकला ते बघवेना. "सहा रोज झाले, घास नाही उतरला बाप्पा. वाटे, सहाशे लोकांनी भरोसा टाकला आन् म्या म्हातारीनं एका बोटानं पुसला." मग डोळे पुसून तिने त्याच्या मनगटाला धरून त्याला खुर्चीवर बसवलं. "घाईत इसरला असशीन. बेचाळीस मशिनी म्हणजे काय कमी हाय?"

हा शब्द त्याने दिला नव्हता. तिने दिला. जुळवून आणलेल्या वाक्याच्या पुढचा अर्धा भाग त्याच्या जिभेवर होता, आणि समोर तिचा चेहरा, सहा दिवसांनी मोकळा झालेला. "हो," तो म्हणाला. "ध्यानातून गेलं." "होते बाप्पा," सिंधूताई म्हणाली, आणि रोशनकडे वळली. "पाह्यलं का? सोताहून सांगाले आला पोट्टा. कोणी इचारलं बी नव्हतं. असे लोकं हायेत अजून." रोशनने मान हलवली आणि प्रशिककडे आदराने पाहिलं. प्रशिकला वाटलं, अंगावर कुणीतरी दुसऱ्याचा शर्ट चढवला आहे, आणि तो बरोबर बसतो आहे.

तिने आतून चहा आणला. वही त्याच्या मांडीवर ठेवली, पेन हातात दिलं. "तू लिही आता. माह्ये डोळे दुखून राहिले सकाळपासून. तुह्यं अक्षर बी चांगलं असंल." त्याने लिहिलं: रोशन. वय अडतीस. दहावी. स्वतःचा ऑटो. मूल नाही. मग पहिल्या लग्नाचा रकाना आला आणि रोशनने दोन्ही हात पुन्हा गुडघ्यांत घेतले. सिंधूताई नुसती थांबली. लोक तिच्याकडे का बोलतात ते प्रशिकला तेव्हा दिसलं. "मागच्या साली मी सांगितलं होतं का आमचं पटलं नाही म्हणून," रोशन जमिनीकडे पाहत म्हणाला. "सगळ्यांले तेच सांगतो. पण तसं नव्हतं. म्या हात उचलला होता तिच्यावर. एकडाव. ती त्याच दिवशी गेली. बरोबर गेली ती. तसंच लिहा. जी येईन तिले आधी माहीत पाहिजे." प्रशिकने सिंधूताईकडे पाहिलं. "सांगितलं तसंच लिही," ती म्हणाली.

त्याने लिहायला घेतलं. 'हात उचलला' एवढे शब्द झाले आणि पेन पुढे जाईना. समोर हा माणूस, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, तो आपल्या तोंडाने आपलं लग्न अवघड करून घेत होता. आणि आपण, ज्याला एवढ्यात खरं बोलणारा म्हणून दाखवलं गेलं, आपण त्याचं लिहून घेतो आहोत. चहाचा कप पायाशी तसाच होता, वर साय धरलेली.

"ताई, मी इसरलो नव्हतो."

"काय?"

"तवा. दाबताना. तुमी आठवल्या होत्या मले. पोहे बी आठवले."

सिंधूताई त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असं म्हणता येणार नाही. एखाद्याच्या घरी बसून पाण्याचा ग्लास कोण आणतं ते बघावं, तसं बघत होती. रोशनने पाय जवळ ओढून घेतले.

"आन् मंग?" तिने विचारलं.

"मंग दाबलं."

मग तिने हात पुढे केला. प्रशिकला क्षणभर कळलं नाही. मग त्याने मांडीवरची वही उचलून तिच्या हातात दिली, पेनही दिलं. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, वही जवळ धरून त्याने अर्धवट सोडलेलं वाक्य वाचलं, पुरं केलं, आणि खुर्ची थोडी रोशनकडे सरकवली.

"हं," ती म्हणाली. "किती साल झाले म्हटलं त्या गोष्टीले?"

"पाच," रोशन म्हणाला.

ती लिहू लागली.